क्लाउझरचे डोळे पुन्हा पुन्हा फिरतात: दोष फोटोत शोधा, दुरुस्ती दोऱ्यात करा

लक्षण ओळखीचं आहे. घरी वाइसवर (गळ पकडून ठेवणाऱ्या शिकंज्यावर) अगदी सरळ दिसणारी क्लाउझर मिनो, म्हणजे गळावर केस आणि धातूचे डोळे दोऱ्याने बांधून केलेली फ्लाय (नकली आमिष), खाडीवर दहा-पंधरा फेकींतच एका कुशीवर कलते. धातूचे डंबेल डोळे (मधल्या बारीक कमरेने जोडलेल्या दोन गोळ्या) गळाच्या दांडीभोवती फिरलेले असतात. ओढताना फ्लाय गिरक्या घेते, लीडरला (फ्लायला जोडलेल्या बारीक दोरीला) पीळ बसतो आणि वर राहायला हवं ते गळाचं टोक कांदळाच्या मुळांत नाहीतर कालवांत रुततं. बोटांनी डोळे सरळ केले की दोन फेकी बऱ्या जातात, मग पुन्हा तेच.

अशा वेळी बहुतेक जण गोंद बदलतात. महाग गोंद आणला तरी डोळे फिरतातच, कारण डोळे धरून ठेवायचं काम दोऱ्याचं आहे. गोंद फक्त त्या दोऱ्याला जागचं हलू देत नाही. आता दोऱ्यात नेमकं काय बिघडलं, हे वापरून झालेल्या फ्लायकडे नुसतं बघून सांगता येत नाही. ती बांधली तेव्हा कशी होती हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणून बांधताना एक आणि खाडीवरून आल्यावर एक, असे एकाच जागेवरून काढलेले दोन फोटो हवेत. कॅमेरा घेऊन खाडीवर जाणाऱ्यांनी तो आधी बांधणीच्या टेबलावर आणावा. माशांच्या फोटोंइतकाच तो इथेही कामाला येतो.

आधी बादली

डोळे फिरले असं गृहीत धरून सुरुवात करू नका. डोळे सरळ असूनही फ्लाय आडवी पडू शकते. पांढऱ्या बादलीत खाडीचं पाणी घ्या. गोड्या पाण्यात घेतलेली चाचणी इथे अगदी तंतोतंत लागू पडत नाही, कारण खारं पाणी दोन-अडीच टक्क्यांनी जड असतं आणि हलक्या फ्लायला तेवढा फरक जाणवतो. फ्लाय पूर्ण भिजवा, केसांतले बुडबुडे दाबून काढा, लीडरच्या तुकड्याला लूपच्या गाठीने बांधा आणि पाण्यात सोडा. टोक वर करून, डोक्याकडून आधी बुडाली तर बांधणीचा समतोल ठीक आहे. कुशीवर बुडाली आणि डोळे मात्र सरळ असले, तर कारण दुसरं आहे: गळाच्या मानाने डोळे हलके आहेत, केस जास्त झालेत किंवा एकाच बाजूला गेलेत. मस्टॅडचा ३४००७ हा स्टेनलेसचा गळ १/० मापात बऱ्यापैकी जाड असतो. त्याला उलटा धरून ठेवायला ५ ते ५.५ मिलिमीटरचे भरीव धातूचे डोळे लागतात, प्लास्टिकचे किंवा पोकळ मण्यांचे चालत नाहीत.

गाठही बघून घ्या. साधी घट्ट गाठ नेढ्यात एका बाजूला सरकून बसली की सरळ फ्लायसुद्धा वाकडी चालते. लूपची गाठ बांधल्यावर फरक पडला तर फ्लाय उसवत बसण्याची गरज नाही.

मार्करची रेघ

आता निदानाची मुख्य युक्ती. नवी फ्लाय बांधताना दोऱ्याचा पाया (दांडीवरचे पहिले वेढे) घालून डोळे बांधले की, केस लावण्याआधी, बारीक टोकाच्या काळ्या परमनंट मार्करने एक सरळ रेघ ओढा. रेघ डोळ्यांच्या मागच्या उघड्या दांडीवर सुरू व्हावी, दोऱ्याच्या पायावर चढावी आणि डंबेलच्या मधल्या कमरेवरच्या वेढ्यांपर्यंत यावी. दोरा पांढरा किंवा फिकट पिवळा ठेवला तर रेघ स्वच्छ दिसते. मग तीन फोटो काढा: नेढ्याच्या समोरून, वरून आणि बाजूने.

खाडीवरून आल्यावर फ्लाय गोड्या पाण्यात धुवा, वाळवा, त्याच जागी धरून तेच तीन फोटो पुन्हा काढा. गरज पडली तर केस बाजूला करा. आता रेघ कुठे तुटली आहे ते बघा.

दांडीवरची रेघ आणि पायावरची रेघ एकमेकींपासून सरकल्या असतील, तर पूर्ण पायाच दांडीवरून घसरला आहे. डोळे आणि दोरा मिळून फिरले. हा दोष दांडीच्या पृष्ठभागाचा आणि पहिल्या थराचा.

पाया जागेवर आहे, पण कमरेवरची रेघ सरकून समोरच्या फोटोत डोळे तिरपे दिसतात, तर वरचे वेढे सैल आहेत. सगळ्यांत जास्त फ्लाय याच कारणाने बिघडतात.

समोरून डोळे आडव्या रेषेत आहेत, पण वरून बघितल्यावर एक डोळा नेढ्याकडे आणि दुसरा बाकाकडे गेलाय, तर दोन तिरक्या दिशांचे वेढे सारखे बसलेले नाहीत. ही फ्लाय कुशीवर पडत नाही, ती वळणावळणाने चालते आणि लीडर पिळते. पीळ दिसला की लोक स्विव्हल (दोरीतला फिरता सांधा) लावतात. त्याने पीळ जातो, पण फ्लायची चाल वाकडीच राहते.

फोटो खोटं सांगतो तेव्हा

मोबाइल फ्लायच्या अगदी जवळ नेऊन फोटो काढला की लेन्सजवळचा डोळा मोठा आणि लांबचा लहान दिसतो. मग सरळ डोळेही फिरल्यासारखे वाटतात. यावर उपाय म्हणजे मागे सरकणं. मोबाइल निदान ३० सेंटिमीटर लांब ठेवा, दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा, नसेल तर काढलेला फोटो नंतर कापून मोठा करा. काही फोन जवळ गेल्यावर आपोआप रुंद कोनाच्या लेन्सवर जातात. सेटिंगमधून ते बंद करा.

मॅक्रो लेन्स असलेल्यांची अडचण वेगळी. एकास एक मापात (सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराएवढी), लेन्सचं छिद्र एफ/११ वर, सध्याच्या साध्या एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. म्हणजे नेढं स्पष्ट आलं की डोळे धूसर. एफ/२२ वर गेलात तर खोली वाढते, पण विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे) दोऱ्याचे वेढे मऊ, पुसट दिसू लागतात, आणि आपल्याला नेमके तेच वेढे बघायचे आहेत. एकास दोन मापावर या, एफ/११ ठेवा, फोकस डंबेलच्या कमरेवर धरा. ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर हवाच.

पार्श्वभूमीला एक मिलिमीटर चौकटींचा आलेख कागद चिकटवा. फ्लायला टेकवू नका, चार-पाच सेंटिमीटर मागे ठेवा. सावली पडत नाही आणि आडवी रेष कुठली ते कळतं. निकेलचे डोळे आरशासारखे चमकतात. खिडकीचा उजेड ट्रेसिंग पेपरमधून येऊ द्या, फ्लॅश टाळा. समोरचा फोटो काढताना दांडी पूर्ण नेढ्याच्या मागे लपली पाहिजे. ती बाजूला लांबट दिसत असेल तर कॅमेराच तिरका आहे आणि त्या फोटोवरून कोन मोजण्यात अर्थ नाही. फोटो बरोबर आला की दोन्ही डोळ्यांच्या मध्यातून एक रेष आणि बाक ते टोक अशी दुसरी रेष ओढा. काटकोन हवा. पाच अंशांचा फरक पाण्यात जाणवत नाही, दहा अंशांच्या पुढे गेलेली फ्लाय आम्ही उसवतो.

दोरा आणि पाया

नवा गळ डब्यातून येतो तेव्हा त्यावर तेलाचा पातळ थर असतो. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मगच वाइसमध्ये लावा. स्टेनलेसची दांडी गुळगुळीत असते; डोळे बसणार तेवढ्या पाच-सहा मिलिमीटरवर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरचे दोन हात मारले की दोरा नीट धरतो. लोखंडाच्या मुलामा दिलेल्या गळावर मात्र पॉलिश पेपर अजिबात नको. मुलामा गेला की तिथूनच गंज सुरू होतो आणि गंज दोऱ्याखाली शिरला की पाया सुटतो.

दोरा २१० डेनिअरचा चपटा, मेण लावलेला नायलॉन घ्या. डेनिअर म्हणजे ९००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. रिळावरचे ३/०, ६/० हे आकडे कंपनीगणिक बदलतात, डेनिअर बदलत नाही. जीएसपी दोरा तुटत नाही म्हणून अनेकांना आवडतो, पण डोळ्यांसाठी तो फसवा आहे. तो पॉलिएथिलीनचा असतो, निसरडा असतो आणि सुपरग्लू त्यावर नीट धरत नाही. ताण भरपूर देता येतो, तरी पाया घसरतो. तोच वापरायचा असेल तर आधी मेण चोळा आणि पाया नायलॉनचाच घाला.

दोरा मध्येच तुटत असेल आणि म्हणून तुम्ही हात सैल ठेवत असाल, तर बॉबिनच्या (रीळ धरणाऱ्या हत्याराच्या) नळीचं तोंड तपासा. नळीच्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर कडेला ओरखडा आहे. अशी नळी टाकून द्या.

डोळे बांधण्याची पद्धत

नेढ्यापासून दांडीच्या सुमारे एक तृतीयांश अंतरावर जागा ठरवा, १/० गळावर हे साधारण ७ ते ८ मिलिमीटर येतं. तिथे एकमेकांना चिकटून जाणाऱ्या वेढ्यांचा एक थर पुढे आणि एक मागे. मग ठरवलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याचे दोन छोटे उंचवटे करा, मध्ये डंबेलची कमर बसेल एवढी खाच ठेवा. हे उंचवटे सोडून देणारे बरेच दिसतात. त्यांच्या फ्लायचे डोळे पुढेमागे सरकतात आणि प्रत्येक सरकण्याबरोबर वेढे सैल होत जातात.

खाचेत पातळ सुपरग्लूचा एक थेंब. डंबेल दांडीच्या वरच्या अंगाला ठेवा. वजन तिथे असलं की पाण्यात गळ उलटतो आणि टोक वर येतं. १९८०च्या दशकात बॉब क्लाउझर यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीतल्या स्मॉलमाउथ बास माशासाठी ही बांधणी बसवली. नाव फ्लाय-फिशिंगचे लेखक लेफ्टी क्रे यांनी दिलेलं. नदी कुठली आणि खाडी कुठली, पण टोक वर ठेवून तळाशी चालणारी फ्लाय जिताडा आणि तांबोशी राहतात त्या कांदळाच्या कडेला आणि जेट्टीच्या खांबांपाशी जितकी उपयोगी पडते, तितकी दुसरी क्वचितच.

आता इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे तिरके वेढे. आधी एकाच तिरक्या दिशेने आठ वेढे घाला. डोळे वाकडे होतील, होऊ द्या. मग दुसऱ्या तिरक्या दिशेने आठ वेढे घातले की ते ओढून काटकोनात येतात. उजव्या हाताने बांधणाऱ्याचा दोरा दांडीवरून पलीकडे जातो, त्यामुळे डोळेही पलीकडे कलंडू पाहतात. प्रत्येक वेढ्याला डाव्या हाताच्या चिमटीने डंबेल धरून ठेवा. दोन्ही दिशांना पुन्हा चार-चार.

यानंतरची पायरी वगळली जाते आणि दुसऱ्या प्रकारचं फिरणं इथूनच जन्माला येतं. दोरा डंबेलच्या खाली आणि दांडीच्या वर, आडवा गोल फिरवा. दांडीला वेढा घालायचा नाही. डोळ्यांच्या बुंध्याभोवती, नारळाच्या झाडाला शिडी बांधताना काथ्याचा आडवा फास आवळतात तसा. असे सहा ते आठ वेढे, प्रत्येक वेढ्यानंतर खेच. तिरके वेढे मध्ये एकत्र गोळा होऊन घट्ट होताना डोळ्यांना दिसतं. हे गोल वेढे पडेपर्यंत डोळे बोटांनी थोडे हलतात, आणि सहावा वेढा पडला की हलायचे थांबतात. हलत असतील तर पुढे जाऊ नका.

व्हिप फिनिशची गाठ (दोऱ्याचं टोक त्याच्याच वेढ्यांखाली अडकवणारी), त्यावर आणखी एक थेंब. एका बैठकीत बारा गळांवर एवढंच काम करून ठेवा. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचे डोळे अंगठा आणि तर्जनीने पिळून बघा. हलला तो उसवा. केस लावल्यावर, ते सोडवल्याशिवाय, हा दोष दुरुस्त होत नाही.

गोंद आणि इथली हवा

सुपरग्लू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. कोकणात, विशेषतः जून ते सप्टेंबर, ओलावा भरपूर असल्याने वरची साय पटकन धरते आणि आत शिरायच्या आधीच थेंब घट्ट होतो. जेलचा प्रकार तर आत शिरतच नाही. म्हणून पातळ घ्या, थोडा घ्या आणि वेढे घालायच्या आधी घ्या. शेवटी वरून ओतलेला जाड थर फक्त पृष्ठभागावर राहतो आणि पांढरी पावडर धरतो. उघडलेली बाटली सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. काढल्यावर लगेच झाकण उघडू नका. थंड बाटलीत हवेतलं पाणी साचतं आणि उरलेला गोंद दोन दिवसांत दाट होतो. अर्धा तास थांबा.

यूव्ही रेझिनबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा: उजेड पोचेल तिथेच ते घट्ट होतं. डंबेलखाली भरून टॉर्च वरून मारला की वर कवच बनतं आणि आत ओलं राहतं. मग पहिल्याच धक्क्याला कवच उडतं. टॉर्च खालून, पुढून, मागून, प्रत्येक बाजूने मारा, रेझिन पातळ थरांत लावा. वरचा चिकटपणा अल्कोहोलने पुसला की जातो.

केस

केस स्वतः डोळे फिरवत नाहीत, पण फिरलेले डोळे लपवतात. चितळ-सांबराचे केस वापरायचे नाहीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बेकायदा आहे. क्राफ्ट फर (कृत्रिम केस) किंवा लांब केसांच्या बकरीच्या शेपटीचे केस घ्या. बकरीचे केस शाम्पूने धुऊन सावलीत वाळवा. आगपेटीच्या काडीएवढी जाड पेंडी एका बाजूला पुरे. पहिली पेंडी डंबेलच्या कमरेवरून मागे नेताना डोळ्यांमागे फार आवळू नका, तिथली ओढ डोळ्यांना कलवते. दुसरी पेंडी, वाइसमध्ये गळ उलटा करून, डोळ्यांच्या फक्त पुढे बांधा.

खाडीवर काय बिघडतं

घट्ट बांधलेले डोळेही तीन ठिकाणी मार खातात. मागची फेक खाली आली की फ्लाय जांभ्याच्या कातळावर किंवा जेट्टीवर आपटते. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, कमरेवरचा एखादा वेढा कापला जातो आणि पुढच्या दहा फेकींत बाकीचे उकलतात. तिसरं कारण चिमटा. मासा सोडवताना हाताला सगळ्यांत सोपी लागते ती डंबेलची गोळी, आणि तीच पकडून पिळली जाते. गळाचा बाक पकडा. उलटा काटा आधीच दाबून टाकलेला असेल तर पिळावं लागतच नाही.

फोटोसाठी माशाला पाण्याबाहेर धरण्याची घाई असते तेव्हाच हा चिमटा चुकतो. मोठ्या जिताड्याच्या बाबतीत तर घाई नकोच: जिताडे आधी नर असतात आणि वाढल्यावर मादी होतात, त्यामुळे सगळ्यांत मोठा मासा बहुधा अंडी घालणारी मादी असते. तिला पाण्यातच ठेवा, हात ओले ठेवा, कॅमेरा आधी तयार ठेवा. शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान. चंदेरी खवले जळू नयेत म्हणून एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावलात तर एक ते दोन स्टॉप उजेड जातो, आयएसओ तेवढा वाढवा. पाण्यावरची चमक सगळ्यांत जास्त कापली जाते ती पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करून खाली बघताना; सरळ वरून बघताना फिल्टर कितीही फिरवला तरी चमक तशीच राहते.

मासा गेला की फ्लायचा फोटो. त्यासाठी लॅमिनेट केलेला आलेख कागदाचा लहान तुकडा खिशात ठेवा. लॅमिनेशन चकाकतं, म्हणून त्यावर बारीक पॉलिश पेपर हलका फिरवून घ्या. कालवांवर घासल्यावर, मासा सोडल्यावर, कातळावर आपटल्यावर असे फोटो काढत गेलात की डोळे कुठल्या घटनेनंतर हलले ते संध्याकाळी फोटोंच्या वेळेवरून कळतं.

चाल बघायची असेल तर मालवण-देवगडकडच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला राहणाऱ्या स्वच्छ डबक्यात फ्लाय ओढा आणि सेकंदाला १२० फ्रेमचा संथ व्हिडिओ घ्या. अष्टमीच्या आसपास भांगाच्या (कमी उंचीच्या) भरतीत ओढ कमी असते, गाळ कमी उठतो, पाणी निवळ मिळतं. उधाणाच्या दिवसांत खाडीचं पाणी गढूळ असतं, तेव्हा बादलीवरच समाधान माना.

लेन्सवर धुकं येणं ही इथली नेहमीची तक्रार. एसी गाडीत थंड झालेला कॅमेरा दमट हवेत काढला की लगेच पाणी धरतो. गाडीतून उतरण्याआधी तो झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर वीस-तीस मिनिटं पिशवीतच राहू द्या. पाणी पिशवीवर धरेल. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे कोरड्या कापडाने पुसू नका. मिठाचे कण कोटिंग ओरखडतात. आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेलं कापड, मग कोरडं.

जुन्या फ्लाय

ज्यांचा पाया घसरलाय त्या वाचवायच्या भानगडीत पडू नका. ब्लेडने पाया कापून डोळे काढून घ्या, गळाचं टोक नखावर घासून तपासा, गंज नसेल तर पुन्हा वापरा. ज्यांचे फक्त वरचे वेढे सैल आहेत, त्यांच्या पुढच्या केसांची पेंडी सोडवा, डोळे काटकोनात आणा, बुंध्याभोवती सहा गोल वेढे आवळा, पातळ सुपरग्लूचा थेंब द्या आणि पेंडी परत बांधा. मार्करची रेघ नव्याने ओढा आणि समोरचा फोटो पुन्हा काढून ठेवा. गोड्या पाण्यात न धुता, ओल्याच डबीत बंद केलेल्या फ्लायवर यातली कुठलीही दुरुस्ती टिकणार नाही, कारण दुसऱ्या आठवड्यात दोऱ्याखालून तांबूस डाग वर येऊ लागतो.